पोवळ्यावर उभे राहून

गेल्या अंकात आपल्या मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांनी सागरतीरावरील मुक्कामाचे जे रसाळ वर्णन केले, ते आम्ही आवडीने वाचले. त्यांची शैली प्रसन्न आहे. माडांच्या सावल्या त्यांनी डोळ्यांपुढे उभ्या केल्या आणि सोलकढीचा घोट तर थेट वाचकाच्या घशाखाली उतरवला. त्याविषयी आमचा वाद नाही. वाद आहे तो एका वाक्याविषयी. आपण जेथे उतरलो त्या निवासाच्या सोयी सांगताना वातानुकूलित खोली, चोवीस तास गरम पाणी, शाकाहारी जेवणाची वेगळी व्यवस्था आणि ‘उत्तम स्नॉर्कलिंग’ अशी चार नावे त्यांनी एका ओळीत ओवली आहेत. यातील चौथी वस्तू पहिल्या तिन्हींच्या पंगतीला बसवण्यास आमची हरकत आहे. गरम पाणी हॉटेलवाला पुरवतो, त्याचे बिल तो भरतो, बंब बिघडला तर दुरुस्तही तोच करतो. स्नॉर्कलिंगमध्ये जे पाहायचे असते, ते हॉटेलवाल्याने निर्माण केलेले नसते, त्याच्या मालकीचे नसते आणि बिघडले तर दुरुस्त करणे त्याच्या काय, कोणाच्याच हाती नसते. ते विकले मात्र जाते, आणि आपण ते विकत घेतो.

ज्या वाचकांना हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. डोळ्यांवर व नाकावर काचेचा मुखवटा लावायचा, तोंडात वाकडी नळी धरायची, तिचे वरचे टोक पाण्याबाहेर ठेवायचे आणि पालथे तरंगत खालचा समुद्र पाहायचा, एवढाच हा प्रकार आहे. पाठीवर हवेची टाकी बांधून खोल बुडी मारणे ते स्कूबा. स्नॉर्कलिंगला बुडावे लागत नाही, म्हणून साठी उलटलेल्या माणसालाही ते झेपते. ज्याला तरंगता येते आणि ज्याच्या मनाला शांत राहता येते, त्याला एवढ्या थोड्या खर्चात दुसरे जग दाखवणारे साधन क्वचितच असेल. तेव्हा आम्ही या छंदाचे शत्रू आहोत असा समज कोणी करून घेऊ नये. उलट, आम्ही तो केला आहे आणि वाईट तऱ्हेने केला आहे. तो दोष आधी कबूल करतो.

जानेवारी २०२३ मध्ये इंद्रपुरीतील आम्ही तीन जोडपी कोकण रेल्वेने कुडाळला उतरून मालवणच्या बाजूला गेलो. आम्हा भोपाळच्या मराठी माणसांना समुद्र म्हणजे आजोळासारखा असतो. वर्षानुवर्षे भेट नसते, पण हक्क मात्र पुरा वाटतो. उतरलो त्या निवासाच्या पत्रकावर स्नॉर्कलिंगचे रंगीत चित्र होते. दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्हाला एका होडीत बसवले. आदल्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी नौका उलटून दोन पर्यटक दगावले होते. त्यामुळे जीवरक्षक जाकिटे कसोशीने बांधण्यात आली, हे नमूद करणे न्यायाचे होईल. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आडोशाला होडी थांबली. नांगर टाकला गेला आणि तो दगडावर आपटल्याचा आवाज आम्ही ऐकला. पाण्यात रबरी कडी सोडली होती. तिला धरून दहा-दहा मिनिटे एकेकाने डोके पाण्यात घालायचे होते. आमच्यापैकी एकालाही पोहता येत नव्हते. नळीतून खारे पाणी तोंडात गेले आणि आम्ही हातपाय झाडू लागलो, तेव्हा बरोबरचा मुलगा मायेने म्हणाला, “काका, घाबरू नकात, खाली दगड आसा, उभे रवा.” आम्ही उभे राहिलो. फार बरे वाटले. मग त्याने आमच्या मुठीत पावाचा चुरा दिला. पट्ट्यापट्ट्यांचे मासे हाताभोवती गोळा झाले आणि त्या क्षणी पाण्याखालच्या कॅमेऱ्याने आमचा फोटो निघाला.

तो फोटो आम्ही भोपाळला आल्यावर निदान पन्नास जणांना दाखवला. पुण्यात प्राणिशास्त्र शिकणाऱ्या आमच्या पुतणीने तो मोबाईलवर मोठा करून पाहिला आणि म्हणाली, “काका, तुम्ही उभे आहात तो दगड नाही. ते पोवळे आहे, आणि जिवंत आहे. तुमच्या टाचेखालचे बहुधा आता नसेल.”

त्या दिवसापासून तो फोटो आम्ही कोणाला दाखवलेला नाही.

पोवळे म्हटले की आपल्याकडे पत्रिका आठवते. मंगळ वक्री, म्हणून अनामिकेत पोवळे. आमच्याही बोटात चाळीस वर्षे आहे. अंगठीतले लाल पोवळे हा भूमध्य समुद्रातल्या वेगळ्या जातीचा सांगाडा. मालवणच्या उथळ पाण्यात असते ते खडक रचणारे प्रवाळ. परंतु दोन्ही प्राणीच. इतकी वर्षे एक प्राणी बोटात घालून हिंडत असताना तो प्राणी आहे हे आम्हाला ठाऊक नव्हते, हा सुशिक्षित मराठी माणसाच्या समुद्रज्ञानाचा नमुना समजावा. किंबहुना आपल्या साहित्याचेही थोडे तसेच झाले आहे. वि. स. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत १९२० पासून अठरा वर्षे शिक्षक होते. जयवंत दळवी शेजारच्या आरवलीचे. चिं. त्र्यं. खानोलकरांचे सारे जग त्याच मुलखातले. या किनाऱ्याने मराठीला इतके दिले. पण आमच्या वाचनात जे आले त्यात माड आहेत, गाज आहे, भुते आहेत, दारिद्र्य आहे, खलाशी आहेत. पाण्याच्या पृष्ठभागाखाली मात्र आपली भाषा फारशी उतरलेली नाही. ज्याला नाव नाही त्याला मग होडीवरचा मुलगा ‘दगड’ म्हणतो आणि पाहुणा त्यावर पाय देतो. त्या मुलाला दोष देण्याचा अधिकार आम्हाला नाही.

हा दगड कसा वाढतो ते पाहावे. प्रवाळ म्हणजे टाचणीच्या डोक्यापासून नखाएवढ्या आकाराच्या असंख्य प्राण्यांची वसाहत. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते, त्याचा मोठा वाटा यजमानाला देते आणि यजमान त्याला आसरा देतो. या सहजीवनावर तो प्राणी चुनखडीचे घर बांधत जातो. गोलाकार, घट्ट वाढणाऱ्या जाती वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. म्हणजे गुडघ्याएवढ्या उंचीचा गड्डा पन्नास वर्षांचा झाला. आमची सगळी सरकारी नोकरी त्याहून कमी भरली. ज्या सिंधुदुर्गाच्या आडोशाला आम्ही उभे होतो त्याची पायाभरणी महाराजांनी कुरटे बेटावर नोव्हेंबर १६६४ मध्ये केली आणि तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. माणसाने तीन वर्षांत किल्ला बांधला. पोवळ्याला तीन वर्षांत तीन बोटे जाडी येते. किल्ल्याचा एखादा चिरा कोणी काढला तर आपण वर्तमानपत्रांना पत्रे लिहू. त्याच किल्ल्याच्या पायथ्याशी पाण्यातला गड्डा नांगराने फुटतो, त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही, कारण तो दिसत नाही आणि जेव्हा दिसतो तेव्हा आपण फोटो काढण्यात गुंतलेले असतो.

आता कायद्याकडे वळू. हा आमच्या जुन्या व्यवसायाचा भाग असल्याने वाचकांनी दोन परिच्छेद सहन करावेत.

मालवणच्या समुद्राचा २९ चौरस किलोमीटरहून थोडा अधिक भाग एप्रिल १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्यातला ३ चौरस किलोमीटरहून थोडा अधिक भाग गाभा क्षेत्र आहे आणि सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगडाचे बेट या गाभ्यात येतात. पुढे १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला. एकाच पाण्यावर शासनाने दोन पाट्या लावल्या, एक ‘जपा’ म्हणणारी आणि एक ‘या’ म्हणणारी. दोन्ही पाट्या एकत्र नांदू शकतात, पण त्यांच्यामध्ये कोणीतरी बसून वेळापत्रक करावे लागते. फायली दोन खात्यांत असल्या की काय होते हे ज्याने सचिवालयाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत त्याला सांगावे लागत नाही. २००१ मध्ये खडक रचणारी सर्व प्रवाळे वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आली. याच अनुसूचीत वाघ आहे. आणि त्या अधिनियमात ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत प्राण्याला मारणेच नव्हे तर त्याला इजा करणे, त्याच्या शरीराचा भाग नष्ट करणे हेही येते. हेतू, अजाणता घडलेली कृती वगैरे मुद्दे वकिलांनी पाहावेत. साध्या वाचकाला एवढे पुरे की कायद्याच्या पुस्तकात आमच्या टाचेखालचा दगड आणि कान्ह्याचा वाघ एकाच पानावर बसले आहेत.

आम्ही मध्य प्रदेशवासी आहोत, म्हणून वाघाचे उदाहरण घेतो. कान्ह्याला जाणाऱ्याने आठवून पाहावे. गाड्यांची संख्या ठरलेली, नोंदणी आगाऊ, वाटाड्या सक्तीचा, गाडीतून खाली पाय ठेवायचा नाही, खायला घालायचे नाही, पावसाळ्यात गाभा बंद, बुधवारी दुपारची फेरी बंद. २०१२ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातले पर्यटन काही महिने थांबवले होते आणि मार्गदर्शक नियम आल्यावरच ते पुन्हा सुरू झाले. त्या वेळी केवढा आरडाओरडा झाला! मार्गदर्शक उपाशी मरतील, हॉटेले ओस पडतील. पुढे काय झाले ते आपण पाहतोच आहोत. कान्ह्याची तिकिटे महिनोन्‌महिने आधी संपतात. आता कल्पना करा की एखादा पर्यटक गाडीतून उतरला, झोपलेल्या वाघाच्या पाठीवर उभा राहिला, दुसऱ्या हाताने त्याने हरणांना पाव घातला आणि चालकाने त्याचा फोटो काढून त्याचे वेगळे दोनशे रुपये घेतले. तो इसम कोठडीत गेला असता आणि दुसऱ्या दिवशी देशभर त्याची छी-थू झाली असती. आम्ही मालवणच्या समुद्रात याहून वेगळे काय केले? आमचे तर स्वागत झाले आणि निघताना अभिप्रायाची वही पुढे करण्यात आली. तीत आम्ही ‘अविस्मरणीय’ असे लिहून आलो.

आता आक्षेपांना उत्तरे. हा लेख हस्तलिखित स्वरूपात काही स्नेह्यांना वाचून दाखवला, तेव्हा ते निघालेच.

पहिला आक्षेप नेहमीचा, पोटावर पाय येण्याचा. किनाऱ्यावरच्या गरिबाला चार पैसे मिळताहेत आणि तुम्ही पेन्शनर मंडळी भोपाळात बसून त्याच्या पोटावर पाय देता! हा आक्षेप आम्ही गांभीर्याने घेतो, कारण त्यात अर्धे सत्य आहे. अभयारण्य घोषित झाले तेव्हा मच्छीमारांनी त्याला कडाडून विरोध केला, आणि त्यांची भीती निराधार नव्हती. ज्या पाण्यावर पिढ्या जगल्या तेथे उद्या वनखात्याची परवानगी मागावी लागेल, ही धास्ती कोणालाही वाटेल. मग पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांनी मासे ओढून नेले. त्याविरुद्ध पारंपरिक मच्छीमारांनी वर्षानुवर्षे झगडा दिला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य शासनाने पर्ससीनवर निर्बंध घातले. अशा ओढगस्तीतून जो तरुण होडी घेऊन पर्यटकांकडे वळला, त्याला कोणत्या तोंडाने बोल लावावा? पण याच मच्छीमाराच्या घरात या प्रश्नाचे उत्तर आहे, असे आम्हाला वाटते. रापण पाहिली आहे का? होडीने जाळे समुद्रात गोलाकार सोडायचे आणि किनाऱ्यावरून दोन्ही टोकांनी साऱ्यांनी मिळून ओढायचे. जाळे सामाईक, श्रम सामाईक, मासळीचे वाटे ठरलेले. दोरीला हात लावणाऱ्याला त्याचा हिस्सा. जे लोक शतकानुशतके वाटे आणि पाळी सांभाळत आले, त्यांना स्नॉर्कलिंगच्या होड्यांची पाळी लावणे अवघड आहे, हे आम्ही मानणार नाही. आज एका चढाओढीत प्रत्येक होडी दुसरीपेक्षा शंभर रुपये कमी सांगते आणि ते शंभर रुपये भरून काढण्यासाठी आणखी दोन फेऱ्या मारते. या स्पर्धेत मच्छीमाराला काय उरते? आणि पोवळे मेल्यावर त्याच्या पोराने पर्यटकाला काय दाखवायचे? पोटावर पाय देणारे आम्ही नव्हे. पोवळ्यावर पाय देणारे आम्ही होतो, आणि दोन्ही पाय एकच आहेत.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. खरा शत्रू तापमानवाढ, तुमच्या दोन म्हाताऱ्यांच्या टाचांनी काय होते? समुद्र नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापून काही आठवडे तसाच राहिला की पोवळे आपल्या पेशींतले शैवाल बाहेर टाकते, पांढरे पडते आणि ऊन लवकर उतरले नाही तर उपासमारीने मरते, हे खरे. १९९८ मध्ये हे जगभर घडले, २०१६ च्या सुमारास घडले, आणि २०२४ मध्ये चौथ्यांदा जगव्यापी विरंजन जाहीर झाले. त्याच २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधानांनी लक्षद्वीपला स्नॉर्कलिंग केले, त्याची छायाचित्रे देशभर पाहिली गेली, लक्षद्वीपच्या प्रवासाची चौकशी एकाएकी वाढली. आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना लक्षद्वीपची प्रवाळे मोठ्या प्रमाणावर पांढरी पडलेली आढळली. एका घटनेने दुसरी घडली असे आम्ही म्हणत नाही, पांढरे पाडले ते उष्ण पाण्याने. पण तापाने फणफणलेल्या रोग्याच्या छातीवर, ‘ताप काही आमच्यामुळे आलेला नाही’ असे म्हणत, कोणी बसत नाही. उलट, ज्या तापावर आपला इलाज चालत नाही तो असताना निदान ज्या गोष्टी हातात आहेत त्या थांबवाव्यात, हे घरातल्या कोणत्याही आजीला कळते. आणि टाचांचे म्हणाल तर त्या फक्त आमच्या दोघांच्या नाहीत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मालवणच्या अभयारण्यातल्या पाणबुडी-पर्यटनामुळे प्रवाळांना होणाऱ्या इजांविषयी २०२० मध्ये निबंध प्रसिद्ध केला. प्रश्न तेथे हजर राहून अभ्यासणाऱ्यांनी मांडलेला आहे. आमचे काम फक्त तो मराठीत ओरडून सांगण्याचे.

तिसरा आक्षेप आमच्या सौभाग्यवतींचा. त्या म्हणाल्या, “मग काय फक्त पट्टीच्या पोहणाऱ्यांनीच समुद्र पाहायचा? आम्ही कधी पाहायचा?” हा मात्र आम्हाला लागला, कारण त्यांनी आयुष्यभर स्वयंपाकघर आणि बदल्यांचे बोचके यापलीकडे फारसे पाहिले नाही. त्यावर आमचे उत्तर असे की समुद्राआधी प्रकाश तरण पुष्कर आहे. भोपाळ महानगरपालिकेच्या त्या तलावात मुखवटा लावून, नळी तोंडात धरून, पालथे तरंगायला शिकावे. पोहणे आले नाही तरी चालेल, पाय खाली न टेकता राहता आले की पुरे. जे पालथे तरंगू शकतात त्यांनी जावे, आणि ज्यांना ते जमत नाही त्यांनी किल्ल्यात जाऊन दूधबाव, दहीबाव, साखरबाव पाहाव्यात. चहूकडे खारा समुद्र असताना आत गोडे पाणी, हेही कमी आश्चर्य नाही. सौ. या उत्तराने समाधानी झाल्या नाहीत. पण त्या तरण पुष्करला जाऊन शुल्काची चौकशी करून आल्या, आणि आमच्या गुडघ्यांचा विचार करता ही प्रगतीच म्हणावी.

परदेशांत या गोष्टी झाल्या आहेत, म्हणून त्या अशक्य नाहीत. थायलंडचा माया बे नावाचा उपसागर एका इंग्रजी चित्रपटामुळे इतका प्रसिद्ध झाला की दिवसाला हजारो माणसे तेथे उतरू लागली. जून २०१८ मध्ये तो बंद केला आणि जानेवारी २०२२ मध्ये उघडला तो माणसांची संख्या आणि होड्यांची जागा ठरवूनच. हवाईच्या हनौमा उपसागरात प्रत्येकाला पाण्यात उतरण्याआधी चित्रफीत पाहावी लागते आणि आठवड्यातून दोन दिवस तो पाहुण्यांना बंद असतो. आपल्याकडे पावसाळ्यात समुद्रच दार लावून घेतो, तेवढीच पोवळ्यांना सुटी. ती निसर्गाने दिलेली आहे, खात्याने नव्हे. आणि खाते काय करते आहे? नौदलाच्या सेवेतून २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका निवतीच्या खडकांजवळ समुद्रतळाशी बसवून तिच्यावर कृत्रिम प्रवाळ वाढवण्याची आणि ती पर्यटकांना दाखवण्याची योजना महाराष्ट्र शासनाने हाती घेतली आहे. योजना वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. गर्दी तिकडे वळली तर किल्ल्याजवळच्या पाण्याला उसंत मिळेल. परंतु ज्या राज्याला जुन्या पोवळ्याजवळ होड्या बांधण्यासाठी तरंगती पिंपे कायमची रोवून ती टिकवायची आहेत, त्या कामाला जहाज बुडवण्याएवढा पैसा लागत नाही. होडीने नांगर न टाकता पिंपाला दोर बांधायचा, एवढाच तो उपाय. त्याला उद्घाटनाची फीत नसते, हीच त्याची अडचण असावी.

आमच्या गावाचेही एक उदाहरण देतो, नाहीतर दुसऱ्याच्या अंगणातले झाडणारे असा शिक्का बसेल. राजा भोजाच्या नावाने ओळखला जाणारा आपला मोठा तलाव २००२ पासून रामसर यादीत आहे. अर्धे भोपाळ त्याचे पाणी पिते. त्या पिण्याच्या पाण्यावर वर्षानुवर्षे इंजिनाची क्रूझ फिरत होती. सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या भोपाळ खंडपीठाने क्रूझ आणि यांत्रिक नौका बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा आमच्याच कट्ट्यावर केवढी हळहळ झाली! नातवंडांना आता कोठे न्यायचे? आम्हीही हळहळणाऱ्यांत होतो. आपण जे पाणी पितो त्यात तेल पडते, याची चिंता त्या क्षणी कोणालाच नव्हती. फेरी बंद झाल्याची होती. पर्यटक म्हणून उभा राहिला की माणूस नागरिक म्हणून बसतो, हे आम्ही स्वतःच्या बाबतीत दोनदा पाहिले, एकदा तलावावर आणि एकदा मालवणात.

म्हणून आमच्या मूळ स्नेह्यांना, आणि त्यांचा लेख वाचून डिसेंबरची तिकिटे काढणाऱ्या सर्व सभासदांना, आमचे सांगणे असे. खोली नोंदवताना एसी आहे का विचारता, तसेच विचारा की तुमची होडी नांगर कोठे टाकते. विचारा की पाण्यात उतरण्याआधी कोणी काही समजावून सांगते का. विचारा की माशांना पाव घातला जातो का, आणि ‘हो’ म्हणाले तर नको म्हणा. पावाने माशांचे पोट बिघडते आणि पोवळ्यावरचे शेवाळ खाण्याचे आपले काम सोडून ते होडीमागे धावू लागतात. दहा मिनिटांत पाच फोटोंची हमी देणाऱ्याकडे जाऊ नका. जो म्हणेल की आज पाणी गढूळ आहे, उद्या या, त्याला दुप्पट पैसे द्या. मराठी पर्यटकाला ‘पैसा वसूल’ या दोन शब्दांची मोठी भुरळ आहे. होडीत बसलो म्हणजे मासे दिसलेच पाहिजेत, दिसले म्हणजे हाताशी आलेच पाहिजेत, आले म्हणजे फोटो निघालाच पाहिजे. होडीवाला पाव टाकतो तो आपल्या या हट्टासाठी. त्याला त्याची हौस नाही.

आम्ही स्वतः हे करून पाहिले. येत्या हिवाळ्यासाठी गेल्या महिन्यात मालवण-तारकर्ली भागातील तीन निवासांना हेच प्रश्न लिहून पाठवले. एकाचे उत्तर आले नाही. दुसऱ्याने खोल्यांचे दरपत्रक पाठवले आणि न्याहारी दरात समाविष्ट असल्याचे कळवले. तिसरे एक छोटे ‘निवास व न्याहारी’ योजनेतले घर आहे. त्या घरच्या बाईंनी आमचे पत्र आपल्या होडीवाल्या दिरांकडे दिले आणि त्यांचा एका संध्याकाळी दूरध्वनी आला. आधी ते थोडे रागावलेले वाटले. आम्ही कोणत्या खात्यातून बोलतो आहोत, असे त्यांनी दोनदा विचारले. निवृत्त आहोत हे पटल्यावर आवाज सैल झाला. ते म्हणाले की पाव त्यांनाही आवडत नाही, पण बाजूची होडी टाकते आणि मासे तिकडे गेले की गिऱ्हाईकही तिकडे पाहते. पिंपाची मागणी आपण केली होती, म्हणाले. नांगराऐवजी दोर बांधता येईल अशी एक जागा त्यांना ठाऊक आहे, मात्र इतर होड्या येण्याआधी, सकाळी सातला निघावे लागेल, आणि थंडी वाजेल. आम्ही चालेल म्हणालो. मग त्यांनी विचारले, “काका, पोहता येतं का?”

सौ. आणि आम्ही सोमवारपासून तरण पुष्करला जात आहोत.